नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना : एका सालीची गोष्ट

चार वर्षांपूर्वी माझ्या वहिनीला स्तनाचा कर्करोग झाला. ती पुण्यात, आम्ही इथे अमेरिकेत. केमोथेरपी सुरू व्हायच्या आधीच घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी हळद सुचवली, कुणी रोज सकाळी सदाफुलीची पानं चावायला सांगितली. एका काकांनी तर लिहिलं, "केमो म्हणजे विष. आपल्या झाडपाल्यात सगळं आहे, ते बंद कर." वहिनीनं आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. तिनं मला फोनवर विचारलं, "भावोजी, तुम्ही तिकडे वाचता-बिचता, तर सांगा. सदाफुलीत खरंच काही आहे का?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. नंतर वाचत गेलो. हे ते उशिरा दिलेलं उत्तर.

सदाफुलीत आहे, नक्कीच आहे. ही मूळची मादागास्करची. आपल्याकडे अंगणात, देवळाच्या आवारात, कुठेही उगवते. अनेक देशांत लोक तिच्या पानांचा काढा मधुमेहासाठी पीत. १९५०च्या दशकात जमैकाहून अशी पानं कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्याकडे आली. त्यांनी उंदरांना अर्क पाजला, तर रक्तातली साखर काही हलेना. मग अर्क टोचून पाहिला, तेव्हा उंदरांच्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. साखरेचं औषध शोधायला निघालेल्या नोबलना या घटीचं महत्त्व कळलं, कारण ल्युकेमियात पांढऱ्या पेशीच बेसुमार वाढतात. १९५८मध्ये त्यांनी आणि चार्ल्स बिअर यांनी त्यातलं विनब्लास्टीन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टीन मिळालं. लहान मुलांच्या ल्युकेमियावर ते आजही वापरतात.

म्हणजे परंपरेनं बोट दाखवलं, पण भलत्याच रोगाकडे. खरं काय ते तपासणीतून कळलं. आणि ही द्रव्यं पानांत इतकी थोडी असतात, की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम काही ग्रॅम निघतात. ती शिरेतूनच देतात, तीही मोजून, कारण गुण येणारी मात्रा आणि अपाय करणारी मात्रा यांत फारसं अंतर नसतं. पानं चावून किती पोटात गेलं, हे कोण सांगणार?

आता वहिनीच्या औषधाकडे येतो. तिच्या सलाईनच्या बाटलीवर नाव होतं पॅक्लिटॅक्सेल. काकांचं ते 'विष' खरं तर झाडाच्या सालीतूनच आलं होतं, आणि ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक जण नंदुरबारचा.

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ते अमेरिकेत आले, १९६२मध्ये इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याकडे रुजू झाले. वॉल पूर्वी कृषी खात्यात होते. कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील अशी द्रव्यं वनस्पतींत शोधण्याचं त्यांचं काम, त्यामुळे त्यांच्याकडे शेकडो झाडांचे अर्क साठलेले. राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जोनाथन हार्टवेल यांनी ते अर्क कर्करोगासाठी तपासायला मागितले. त्यांतला एक ठळकपणे उठून दिसला : कॅम्प्टोथेका अ‍ॅक्युमिनाटा या चिनी झाडाचा.

ही तपासणी कशी होते, हे आपल्या मुलांनीही समजून घ्यावं असं मला वाटतं. झाडाचा भाग दळून अल्कोहोलमध्ये भिजवायचा. तो अर्क ल्युकेमिया झालेल्या उंदरांना द्यायचा आणि औषध न दिलेल्या उंदरांपेक्षा ते जास्त जगतात का, ते मोजायचं. जगले, तर अर्काचे भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग पुन्हा उंदरांवर तपासायचा. ज्यात गुण नाही तो बाजूला, ज्यात आहे त्याचे आणखी भाग. असं करत करत शेवटी एकच शुद्ध द्रव्य हाती राहतं. मग क्ष-किरणांनी त्याच्या रेणूची रचना ठरवायची. सुपातलं धान्य पाखडावं तसंच हे, फक्त प्रत्येक पाखडीला आठवडे लागतात आणि बहुतेक वेळा शेवटी कोंडाच उरतो. १९६० ते १९८२ या काळात कर्करोग संस्थेनं एक लाखाहून अधिक अर्क तपासले. त्यांतली औषधं म्हणून रुग्णांपर्यंत पोचलेली मोजकीच.

वॉल आणि वाणी यांनी १९६६मध्ये कॅम्प्टोथेसिन जाहीर केलं. दरम्यान १९६२च्या ऑगस्टमध्ये कृषी खात्याचे वनस्पतितज्ज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली होती. यू विषारी म्हणून प्रसिद्ध. लाकूडतोड्यांना त्याची किंमत नव्हती. त्या सालीच्या अर्कानं काचेतल्या कर्कपेशी मारल्या. वॉल-वाणींनी १२ किलो वाळलेल्या मालातून अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य काढलं. वॉल यांनी त्याला टॅक्सॉल नाव दिलं. रेणू एवढा गुंतागुंतीचा, की त्याचे दोन तुकडे करून प्रत्येकाची रचना वेगळी ठरवावी लागली. तो शोधनिबंध १९७१मध्ये आला.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण खरी परीक्षा पुढेच होती. कॅम्प्टोथेसिनच्या मिठाच्या रूपातल्या चाचण्यांत रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच त्या थांबल्या. टॅक्सॉल पाण्यात विरघळेना, साल पुरेशी मिळेना, त्यामुळे तेही मागे पडलं. दोन्ही द्रव्यं वर्षानुवर्षं तशीच राहिली.

त्यांना पुन्हा उभं केलं ते 'का?' या प्रश्नानं. १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं, की पेशी दुभंगताना ज्या बारीक नळ्या बनतात आणि मोडतात, त्या टॅक्सॉल मोडूच देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडतं. सदाफुलीची द्रव्यं बरोबर उलट करतात, त्या नळ्या बनूच देत नाहीत. १९८५मध्ये कॅम्प्टोथेसिनचंही गुपित कळलं. डीएनएचा पीळ सोडवायला एक विकर धागा कापतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन ती जोडणी अडवतं. कारण कळल्यावर रसायनं बदलता आली. टॅक्सॉलला १९९२च्या डिसेंबरमध्ये अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली, दोन वर्षांनी स्तनाच्या. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेली टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन १९९६मध्ये आली. साल गोळा केल्यापासून औषध मिळेपर्यंत ३० वर्षं!

सालीसाठी यूची झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा मोठा वाद झाला. मार्ग निघाला तो युरोपीय यूच्या पानांतून. पानं पुन्हा येतात, झाड मरत नाही. त्यांतल्या द्रव्यापासून प्रयोगशाळेत टॅक्सॉल बनवता येऊ लागलं.

या गोष्टीला सह्याद्रीतलाही एक धागा आहे. १९७२मध्ये टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी कॅम्प्टोथेसिन भारतातल्या एका झाडात असल्याचं दाखवलं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. ते झाड म्हणजे आपली नरक्या, महाबळेश्वरापासून कोकणाच्या घाटांपर्यंत वाढणारी. वासामुळे नाव असं पडलं आणि कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. किंमत कळताच मात्र ती बेसुमार तुटू लागली, तस्करीही झाली. औषध सापडलं की झाड वाचवणंही आलं, हा यूचा धडा आपल्याकडे उशिरा पोचला.

वॉल आणि वाणी यांना २००० साली केटरिंग पारितोषिक मिळालं. वाणी २०२०च्या एप्रिलमध्ये गेले. नॉर्थ कॅरोलिनात राहणाऱ्या आपल्या किती मंडळींना हे नाव ठाऊक आहे?

यातून मला एवढं कळलं, की झाडपाला की केमो, हा प्रश्नच चुकीचा आहे. वहिनीच्या शिरेत गेला तो झाडपालाच होता. पण पाखडलेला, मोजलेला, उंदरांवर आणि माणसांवर तपासलेला, आणि ज्याचे तोटेही कुणीतरी लिहून ठेवले आहेत असा. ग्रुपवरच्या काढ्याबद्दल यातलं काहीच कुणाला ठाऊक नसतं. वर त्यातली काही द्रव्यं चालू केमोच्या कामात अडथळाही आणू शकतात. म्हणून घरातलं कुणी आजारी असेल, तर काढा, चूर्ण, गोळी जे काही घेत असाल, ते आधी डॉक्टरांना सांगा. लपवू नका.

वहिनीनं बारा आठवड्यांचे बारा डोस पूर्ण केले. आता सहा महिन्यांनी तपासणीला जाते. पॅक्लिटॅक्सेलमुळे तिच्या बोटांना अजून मुंग्या येतात, म्हणून यंदाची ठिपक्यांची रांगोळी पुतणीनं काढली. फोटोत रांगोळीमागच्या कुंडीत सदाफुली फुललेली दिसते. वहिनीनं खाली लिहिलंय, "भावोजी, काकांना सांगा, झाड आहे हो घरात. पानं मात्र झाडावरच ठेवलीत."