तालाशिवाय उभा राहिलेला सूर

मंडळी, मागच्या वेळी आपण पोलंडपर्यंत आलो होतो. आज तिथूनच पुढे निघू, पण थोड्या वेळात मुंबईला उतरू.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये जॅझ हे शत्रुदेशाचं संगीत समजलं जाई. वादक घरांतून, तळघरांतून वाजवत. त्या काळाला तिकडची मंडळी ‘कॅटाकोम’ म्हणजे भुयारांचा काळ म्हणतात. १९५६ साली सोपोतला जॅझ महोत्सव भरला आणि ते सगळं उजेडात आलं. लोकसंगीताचं मात्र उलट झालं. त्याला सरकारने डोक्यावर घेतलं. १९४८ साली ‘मझोव्शे’ नावाचं शासकीय पथक निघालं. एकसारखे घागरे, एकसारखी पावलं, घासूनपुसून लख्ख केलेला आवाज. खेड्यातला फिडलवाला तीन मात्रांच्या मझुर्कात वजन इकडचं तिकडे सरकवतो, एखादी मात्रा लांबवतो. रंगमंचावरच्या शिस्तीत त्याला जागा कमीच. पुढच्या पिढीतल्या जॅझवाल्यांनी हा लवचिकपणा परत घेतला. मिहाऊ उर्बानियाकच्या व्हायोलिनमध्ये तो ऐकू येतो. उर्शुला दुज्याक ही गायिका तर शब्दच टाकून देते. नुसत्या गळ्याने, वर यंत्रांची जोड घेऊन, वाद्यासारखी गाते.

आता आपल्याकडे असं कोणी? आहे, आणि मुंबईची आहे. आशा पुथली. जन्म १९४५. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेली, आणि कान जॅझकडे. मुंबईला जॅझ नवं नव्हतं. ताजमहाल हॉटेलात १९३५च्या सुमारास अमेरिकन बँड वाजत होते, आणि गोव्याच्या वादकांनी ते पुढे सिनेमापर्यंत नेलं. पण आशाताई मुंबईत थांबल्या नाहीत. न्यूयॉर्कला गेल्या, आणि १९७१ साली ऑर्नेट कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या तबकडीत दोन गाणी गायल्या.

कोलमन म्हणजे ‘फ्री जॅझ’चा मूळपुरुष. त्या नावाची तबकडी त्याचीच, १९६० साली ध्वनिमुद्रित झालेली. त्याने आपल्या बँडमधून पियानो काढून टाकला होता. का? पियानो सतत स्वरसंघ पुरवतो, आणि मग गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्या चौकटीत राहावं लागतं. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या गायिकेला अशा बँडमध्ये पाय ठेवायला जमीनच सापडत नाही. हिंदुस्थानी गायिकेला स्वरसंघाची सवयच नसते! पण तिला तानपुरा लागतो, आणि इथे तोही नाही. आपला षड्ज आपणच मनात धरून ठेवायचा.

भारतीय आलाप आणि फ्री जॅझ यांचा संगम, असं याबद्दल नेहमी लिहिलं जातं. आम्हाला ते तितकंसं पटत नाही. चाली कोलमनच्या, बांधलेल्या. आशाताई तिथे आलाप करत नाहीत. त्या लांब सूर लावतात आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोन त्यांच्याबरोबर संथ सरकतात. मोकळे आहेत ते खालचे ड्रम आणि चार्ली हेडनचा बास. आपण ‘स्वातंत्र्य’ म्हटलं की गाणाऱ्याचं स्वातंत्र्य समजतो. इथे गायिका खांबासारखी उभी आहे, म्हणून बाकीच्यांना सुटता येतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा मुद्दा कांट घेऊन दोन-दोन तास शिकवत असू. तबकडी लावली असती तर पोरं जागी तरी राहिली असती.

पुढे १९७३ साली त्यांची स्वतःची तबकडी आली, मग डिस्कोचा जमाना, तो विषय वेगळा.

लोकसंगीत मात्र त्या दोन गाण्यांत नाही. त्यासाठी आम्हाला माकुणसारहून फार लांब जावं लागत नाही. आमच्या पालघर जिल्ह्यात वारल्यांच्या लग्नात धवलेरी गाते. ती गायल्याशिवाय लग्न लागत नाही. भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहिला जातो तोही तिच्या गाण्याबरोबर. गाणं कुठे लांबवायचं, हे समोर काय चाललंय त्यावर ठरतं. तारप्याचंही तसंच. मधे तारपावाला, भोवती फेर. तो सूर बदलतो तशी पावलं बदलतात, आणि नाच रात्रभर चालू शकतो. हाच तारपा आता सरकारी कार्यक्रमात आणि रिसॉर्टच्या हिरवळीवर दहा मिनिटांत आटोपतो, एकसारख्या साड्यांत. मझोव्शेची आठवण होते ती इथे. पैसा मिळतो, मान मिळतो, त्याला नाकं मुरडणारे आम्ही कोण? पण दहा मिनिटांत तारपावाल्याला बदलायला वेळच मिळत नाही, आणि नाचणाऱ्यांना पुढे काय येणार हे आधीच ठाऊक असतं. तारप्यावर निदान चार माणसं लिहितात तरी. धवलेरीच्या गाण्याशेजारी कोणी बास घेऊन बसल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आणि बसायचंच असेल, तर तिने गाणं लांबवलं की थांबायची तयारी त्याने ठेवायला हवी.

आशाताईंची ती दोन्ही गाणी मिळून सातेक मिनिटांची आहेत. पुढच्या वेळेपर्यंत ऐकून या. पहिल्यांदा नुसता आवाज ऐका, दुसऱ्यांदा आवाज सोडून फक्त ड्रम.