शुद्ध मत आणि तारण

माणसाचे तारण कशाने होते? त्याने काय मानले यावरून, की तो कसा वागला यावरून? ख्रिस्ती धर्माच्या जवळजवळ दोन हजार वर्षांच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिला आहे. वरवर पाहता हा धर्मपंडितांनी आपसात सोडवायचा प्रश्न वाटेल. तो तसा नाही. जन्माच्या शुद्धतेच्या नावाने ज्यांना शतकानुशतके देवळाबाहेर आणि पाणवठ्याबाहेर उभे केले गेले, त्यांनी मताच्या शुद्धतेचा इतिहासही डोळसपणे तपासला पाहिजे. कारण शुद्धता कशाचीही असो, ती तपासणारा कोणीतरी दाराशी बसलेला असतो. त्याला तिथे कोणी बसवले आणि आत घेताना तो काय विचारतो, हे पाहिल्याशिवाय त्या धर्माचे खरे स्वरूप कळत नाही.

मूळ ग्रंथात या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे चित्र आहे. तिथे भुकेल्याला अन्न दिले का, तान्हेल्याला पाणी दिले का, परक्याला घरात घेतले का, उघड्याला वस्त्र दिले का, आजाऱ्याची आणि बंदिवानाची विचारपूस केली का, एवढीच परीक्षा आहे. देवाच्या स्वरूपाविषयी एकही प्रश्न नाही. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी क्रुसावर टांगलेल्या अपराध्याला सुखलोकाचे आश्वासन मिळते. त्याला कोणता सिद्धांत पाठ होता? याकोबाचे पत्र तर रोखठोक सांगते की देव एक आहे हे भुतेही मानतात. दुसऱ्या बाजूला पौल आहे. माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, असे तो रोमकरांस लिहितो. परंतु पौलाचा विश्वास हा मुख्यतः भरवसा आहे. एखाद्यावर भरवसा टाकणे ही एक गोष्ट आणि एखाद्या विधानाला मान्यता देणे ही दुसरी. या दोहोंची सरमिसळ झाली आणि पुढचे बरेच अनर्थ त्यातून घडले.

ही सरमिसळ राजसत्तेच्या सावलीत पक्की झाली. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे बिशपांची परिषद बोलावली. पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे की पित्याने निर्माण केलेला आहे, हा वाद होता. पुत्र निर्मित आहे असे म्हणणाऱ्या एरियसला हद्दपार करण्यात आले. हा वाद पोकळ होता असे मात्र म्हणता येणार नाही. जो स्वतः देव नाही तो माणसाला कसा तारणार, ही अथेनेशियसच्या पक्षाची चिंता खरी होती. पण वादाचा निर्णय सम्राटाच्या हुकमाने अमलात आला की मत हा गुन्हा ठरतो. ३८५ साली ट्रिअर येथे प्रिसिलियन या बिशपाचा शिरच्छेद झाला. टूर्सचा बिशप मार्टिन याने त्याला विरोध केला होता, हेही नोंदवले पाहिजे. पुढे अथेनेशियसच्या नावावर चालणारा, पण त्याचा नसलेला, लॅटिन मतांगिकार प्रचारात आला. त्रैक्याची सूक्ष्म व्याख्या जो अखंड आणि निर्मळ ठेवणार नाही त्याचा नाश होईल, असे त्यात पहिल्याच वाक्यांत बजावले आहे. नांगर धरणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या कुळाला ती व्याख्या कळणे शक्य नव्हते. त्याच्यासाठी तारणाचा अर्थ एवढाच उरला की ज्याला कळते त्याच्या मागे निमूट जावे.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने या व्यवस्थेला हादरा दिला. तारण दानधर्माने किंवा पापक्षमेच्या चिठ्ठ्यांनी विकत मिळत नाही, केवळ विश्वासाने मिळते, हे त्याचे म्हणणे मुक्तीचे होते. पण याकोबाच्या पत्राला त्याने १५२२ साली गवताचे पत्र म्हटले, यातही एक सूचना होती. कर्माचे माप बाजूला गेले, आणि विश्वास कोणता खरा हे ठरवण्यासाठी नवे मतांगिकार लिहिले जाऊ लागले. जुना द्वारपाल गेला, त्या जागी नवा आला.

याचे सर्वांत भयंकर उदाहरण १५५३ साली जिनिव्हात घडले. मिगुएल सर्व्हेटस हा स्पॅनिश वैद्य होता. रक्त हृदयातून फुप्फुसात जाऊन शुद्ध होऊन परत येते, हे युरोपात छापून प्रथम सांगणाऱ्यांपैकी तो एक. आणि ते त्याने सांगितले तेही एका धर्मविषयक ग्रंथात. त्रैक्याचा रूढ सिद्धांत आणि तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा त्याला मान्य नव्हता. फ्रान्समधील व्हिएन गावी कॅथलिकांनी त्याला पकडले. तो निसटला, तेव्हा त्याच्या पुतळ्याला त्यांनी अग्नी दिला. ऑगस्टमध्ये तो जिनिव्हात आला आणि ओळखला गेला. तिथे प्रॉटेस्टंट सुधारक जॉन कॅल्विन याच्या पुढाकाराने त्याच्यावर खटला चालला. एकमेकांना ख्रिस्तविरोधी म्हणणाऱ्या दोन पंथांचे या एका माणसाला जाळण्यावर मात्र एकमत झाले. जाळण्याऐवजी तलवारीने मारावे, एवढी सवलत कॅल्विनने सुचवली. ती नगरसभेने मानली नाही. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी शाम्पेलच्या टेकडीवर सर्व्हेटसला त्याच्या ग्रंथासह जिवंत जाळण्यात आले.

परंपरेने जपलेली त्याची शेवटची हाक फार बोलकी आहे. शाश्वत देवाच्या पुत्रा येशू, माझ्यावर दया कर, असे तो म्हणाला. देवाच्या शाश्वत पुत्रा, असे म्हणावे म्हणून सोबत चालणारा धर्मोपदेशक फारेल त्याला विनवीत होता. त्याने ते म्हटले नाही. 'शाश्वत' हे विशेषण देवाआधी की पुत्राआधी, एवढ्यावर एक माणूस जळाला. ज्याचा तो धावा करीत होता त्याच्याच नावाने त्याला जाळण्यात आले.

या ज्वाळांना उत्तर दिले ते एका मास्तराने. सेबास्टियन कॅस्टेलिओ हा सव्हॉय प्रांतातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १५१५. शिकून तो जिनिव्हाच्या शाळेचा प्रमुख झाला. शहरात प्लेग आला आणि धर्मोपदेशक रोग्यांकडे जायला कचरू लागले, तेव्हा याने जाण्याची तयारी दाखवली. तरीही १५४४ साली त्याला धर्मोपदेशकाचे पद नाकारण्यात आले. कारण काय, तर 'गीतरत्न' या पुस्तकाचे स्वरूप आणि मतांगिकारातील ख्रिस्ताचे अधोलोकात उतरणे, या दोन मुद्द्यांवर त्याचे मत कॅल्विनशी जुळेना. प्लेगच्या खोलीत जाण्याची तयारी ही पात्रता ठरली नाही. दोन वाक्यांचा अर्थ ठरला.

तो बाझेलला गेला. छापखान्यात मुद्रिते तपासून आणि ऱ्हाईन नदीच्या पुरात वाहून आलेली लाकडे ओढून काढून त्याने मोठे कुटुंब जगवले. पुढे तो विद्यापीठात ग्रीकचा प्राध्यापक झाला, तेव्हा याच लाकडांवरून कॅल्विनने त्याच्यावर चोरीचा आळ घेतला. पुरात वाहून येणारे लाकूड काढणाऱ्याचे असते, हे त्याला उत्तरादाखल लिहावे लागले. पोटासाठी नदीत उतरलेल्या माणसाला चोर ठरवणे किती सोपे असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

१५५४ साली त्याने टोपणनावाने, छपाईचे ठिकाणही खोटे घालून, पाखंड्यांच्या छळाविरुद्ध ग्रंथ काढला. त्याच्या अर्पणपत्रिकेत एक दृष्टान्त आहे. राजा प्रजेला सांगून जातो की मी परत येईन, तेव्हा शुभ्र वस्त्रे नेसून मला भेटा. प्रजा वस्त्रांचे विसरते आणि राजा घोड्यावरून येईल की रथातून, यावर भांडत बसते. भांडता भांडता एकमेकांचा जीव घेते. शुभ्र वस्त्र म्हणजे निर्मळ वागणूक. पाखंडी या शब्दाचा शोध घेता, आपल्याशी ज्याचे मत जुळत नाही तो पाखंडी, एवढाच अर्थ त्याच्या हाती लागला. कॅल्विनला त्याने सविस्तर उत्तरही लिहिले. सिद्धांताचे रक्षण वादाने होते, माणूस मारल्याने फक्त माणूस मरतो, हा त्याचा आशय होता. ते उत्तर १६१२ पर्यंत छापले गेले नाही. कॅस्टेलिओ १५६३ मध्येच वारला होता. शाम्पेलला कॅल्विनच्या अनुयायांनी प्रायश्चित्ताचा दगड उभारला, तोही १९०३ साली.

रोमन चर्चचा प्रवासही असाच लांबचा आहे. फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली जाहीर केले की चर्चबाहेरच्या माणसाने कितीही दानधर्म केला, ख्रिस्तासाठी रक्त जरी सांडले, तरी त्याला तारण नाही. १९५३ साली याच चर्चने हे वचन अक्षरशः धरून बसलेल्या आणि आज्ञाभंग करणाऱ्या लेनर्ड फीनी या अमेरिकन धर्मगुरूला बहिष्कृत केले. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की ज्यांना स्वतःचा दोष नसता शुभवर्तमान कळले नाही, पण जे सद्सद्विवेकाला अनुसरून वागतात, त्यांचेही तारण होऊ शकते. पाचशे वर्षांत दार एवढे सरकले. म्हणजे ते आभाळातून पडलेले नव्हते.

हा वाद मराठी माणसाच्या उंबऱ्यावरही आला आहे. पंडिता रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढच्या दोनतीन वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी त्यांनी उघड शंका मांडल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवून आलेली ही बाई दुसऱ्याचे जोखड मानेवर घ्यायला तयार नव्हती. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. पुढे १९०७ मध्ये त्यांनीच लिहिले की आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला. भरवसा आणि मान्यता यांतला फरक याहून नेमका कोणी सांगितला असेल असे वाटत नाही. आणि रमाबाईंचे नाव आज घेतले जाते ते त्रैक्यावरील उत्तरांसाठी नव्हे, तर दुष्काळात वाऱ्यावर सुटलेल्या मुलींना केडगावच्या मुक्तिसदनात घेतले म्हणून.

मग सिद्धांताला काहीच किंमत नाही का? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. दक्षिण आफ्रिकेतील डच रिफॉर्म्ड चर्च हे कॅल्विनच्याच परंपरेतले. त्याचे मतांगिकार शुद्ध होते. १८५७ साली त्याच्या धर्मसभेने काही गोऱ्यांच्या 'दुर्बलते'पायी काळ्यांची उपासना वेगळी करायला मुभा दिली. १८८१ मध्ये वेगळे चर्चच निघाले. आणि १९४८ नंतर वर्णभेदाच्या राज्याला याच चर्चने धर्माचा आधार पुरवला. १९८२ साली ओटावा येथे रिफॉर्म्ड चर्चेसच्या जागतिक संघाने वर्णभेद हे पाखंड आहे असे जाहीर केले आणि त्याचे समर्थन करणाऱ्या गोऱ्या चर्चचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी वेगळ्या काढलेल्या त्या चर्चने बेल्हारचा मतांगिकार तयार केला; तो १९८६ मध्ये स्वीकारला गेला. जाळण्यासाठी वापरलेला 'पाखंड' हा शब्द इथे दडपलेल्यांनी दडपणाऱ्याच्या कपाळी लावला, आणि तोही कोणाचा जीव न घेता.

जिनिव्हा आणि ओटावा यांत तफावत आहे ती इथे. एका ठिकाणी मताची शुद्धता शब्दांच्या क्रमावरून ठरली, दुसऱ्या ठिकाणी भाकरीच्या पंगतीवरून. सिद्धांत महत्त्वाचा आहेच, पण तो खरा की खोटा हे त्याने माणसाला कुठे बसवले यावरून कळते. आपल्या देशातही काही चर्चमध्ये दलित ख्रिस्त्यांची बाके वेगळी आणि दफनभूमी वेगळी राहिली. तिथे मतांगिकार मात्र सगळे मिळून एकच म्हणत होते. असे एकत्र म्हटलेले शब्द शुद्ध होते, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? ज्याला मेल्यावरही शेजारी जागा दिली नाही, त्याला परलोकात शेजारी बसवण्याचे आश्वासन देण्याचा अधिकार कोणालाही नाही. तारणाच्या दाराशी बसलेल्या प्रत्येकाला आधी हे विचारले पाहिजे, आणि आपण स्वतः एखाद्या दाराशी बसलो असू, तर स्वतःलाही.