तळटीप : किम भगिनी

१. ‘मोकपोचे अश्रू’ (1935) या गीताने कोरियाभर विख्यात झालेल्या ली नान-यंग यांच्या कन्या सूक-जा व आय-जा आणि भाची मिन-जा. कोरियन युद्धात संगीतकार पती किम हे-सोंग अंतरल्यावर लीबाईंनी मुलींना अमेरिकन फौजेच्या छावण्यांतून गावयास उभे केले. इंग्रजीचा गंधही नसता केवळ ध्वनीवरून गीत मुखोद्गत केले, तर बक्षीस म्हणून केळे मिळे. याच शिदोरीवर त्या 1959 मध्ये लास व्हेगसच्या थंडरबर्ड हॉटेलात रुजू झाल्या आणि पुढे एड सलिव्हन यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या. या यशाचे खरे श्रेय, प्रस्तुत संपादकाच्या मते, मातेच्या कठोर तालमीस आहे. 1963 मध्ये लीबाईही सलिव्हन यांच्या कार्यक्रमात कन्यांसह गायिल्या.