विल रॉजर्स : दोर, बातमी आणि विनोद

विसाव्या शतकाच्या पहिल्या साडेतीन दशकांत अमेरिकेत जे विनोदकार होऊन गेले, त्यांत विल रॉजर्सइतकी लोकप्रियता क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल. रंगमंच, वृत्तपत्र, चित्रपट आणि नभोवाणी या चारही क्षेत्रांत त्याचे नाव अग्रभागी होते. आज अमेरिकेबाहेर ते फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि याचे कारण बहुधा त्याच्या विनोदाच्या जातीतच आहे. मार्क ट्वेनने पुस्तके लिहिली, ती टिकली. रॉजर्सचा विनोद त्या त्या दिवसाच्या बातमीवर जगे आणि बातमीबरोबरच शिळा होई.

विल्यम पेन एडेअर रॉजर्स हे त्याचे पूर्ण नाव. जन्म ४ नोव्हेंबर १८७९ रोजी, आजच्या ओक्लाहोमा राज्यातील ऊलगा गावाजवळ. त्या काळी हे राज्य अस्तित्वात नव्हते. तो मुलूख 'इंडियन टेरिटरी' म्हणून ओळखला जाई आणि ऊलगाचा परिसर चेरोकी राष्ट्राचा होता. रॉजर्सच्या आई आणि वडील या दोघांच्याही घराण्यांत चेरोकी रक्त होते. वडील क्लेमंट हे मोठे पशुपालक आणि चेरोकी सिनेटचे सदस्य; हजारो एकरांच्या खुल्या कुरणावर त्यांची गुरे चरत. १८९८ च्या कर्टिस कायद्याने चेरोकींची सामाईक जमीन तुकड्यातुकड्यांनी वाटून टाकण्याचा मार्ग मोकळा केला आणि खुल्या कुरणांचे ते जग संपले. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले, तेव्हा चेरोकी सरकार जवळजवळ नावापुरते उरले होते. आपले पूर्वज 'मेफ्लॉवर' जहाजातून आले नाहीत, ते त्या जहाजाला सामोरे गेले होते, ही रॉजर्सची कोटी पुढे अमेरिकाभर गाजली. वास्तविक चेरोकींचा मूळ प्रदेश आणि मेफ्लॉवर लागले तो किनारा यांत शेकडो मैलांचे अंतर. पण कोटीला भूगोल आड येत नाही. टाळ्या वाजवणाऱ्या श्रोत्यांपैकी कितीजणांना तिच्या मागची जमीन आठवत असेल, हा प्रश्नच आहे.

विल दहा वर्षांचा असताना आई वारली. शाळेत त्याचे मन रमले नाही. लष्करी शिस्तीच्या शाळेतूनही त्याने शिक्षण अर्धवट सोडले. दोराचा फास फेकण्याची कला मात्र त्याने वडिलांकडे काम करणाऱ्या डॅन वॉकर या कृष्णवर्णीय गुराख्याकडून मनापासून आत्मसात केली. १९०२ मध्ये तो अर्जेंटिनाला गेला, तेथे बस्तान बसेना म्हणून दक्षिण आफ्रिकेत पोहोचला आणि तेथे 'टेक्सास जॅक'च्या खेळात 'चेरोकी किड' या नावाने दोराच्या करामती करू लागला. पुढे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सर्कशीबरोबर फिरून १९०४ मध्ये तो मायदेशी परतला. एकाच वेळी तीन दोर फेकून एक घोड्याच्या गळ्यात, दुसरा स्वाराभोवती आणि तिसरा घोड्याच्या पायांत अडकवणे ही त्याची खासियत होती.

१९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खेळ चालू असताना एक बैल उधळून प्रेक्षकांत शिरला. रॉजर्सने त्याला दोराने आवरले, दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत नाव झळकले आणि व्होडव्हिलची दारे उघडली. सुरुवातीला तो रंगमंचावर तोंड उघडत नसे. एखादी करामत सांगण्यासाठी बोलला तर त्याच्या गावरान हेलाला लोक हसत आणि तो मनातून दुखावला जाई. ते हसू आपल्या फायद्याचे आहे हे ध्यानात यायला त्याला काही काळ लागला.

खरे वळण आले ते १९१५ मध्ये. फ्लोरेन्झ झिगफेल्डच्या 'मिडनाइट फ्रॉलिक' या रात्रीच्या कार्यक्रमात त्याला काम मिळाले. तेथे तेच ते धनिक प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत. कालचा विनोद आज चालत नसे. पत्नी बेटी हिने तोडगा सुचवला : तू दिवसभर वृत्तपत्रे वाचतोस, मग त्यावरच का बोलत नाहीस? १९०८ मध्ये झालेल्या या विवाहाचा अमेरिकन विनोदाला झालेला लाभ एवढ्या एका सूचनेत सामावला आहे. तेव्हापासून रॉजर्स च्युइंगम चघळत, दोर फिरवत, ताज्या बातमीवर शेरे मारू लागला. आपल्याला वृत्तपत्रात वाचतो तेवढेच कळते, हे त्याचे पालुपद झाले. ही नम्रता वरवरची होती; त्या आडून त्याला कुणालाही चिमटा काढता येई.

१९१६ मध्ये बाल्टिमोरच्या एका कार्यक्रमाला अध्यक्ष वुड्रो विल्सन प्रेक्षकांत बसले होते. त्या दिवसांत अमेरिकन फौजा मेक्सिकोत पांचो व्हिला या बंडखोराचा पाठलाग करत होत्या आणि सैन्याच्या अपुऱ्या तयारीबद्दल विल्सन यांच्यावर टीका होत होती. एवढ्या मोठ्या देशाच्या अध्यक्षाची समोरासमोर थट्टा करायची म्हणून रॉजर्स कमालीचा धास्तावलेला होता. तरीही, आता एक मशिनगन घ्यायचे घाटत आहे, कुणाकडून उसनी मिळाली तर, असे तो म्हणाला. विल्सन खळखळून हसले, आणि पुढे एका भाषणात त्यांनी रॉजर्सचाच विनोद सांगितला.

१९२२ पासून त्याचे साप्ताहिक सदर आणि १९२६ पासून रोजची छोटी 'तार' शेकडो वृत्तपत्रांतून छापली जाऊ लागली. अशा अडीच हजारांहून अधिक तारा त्याने लिहिल्या. चार ओळींत सिनेट, दारूबंदी, युद्धकर्जे, निवडणुका असे सारे काही येई. व्याकरण आणि शुद्धलेखन यांची त्याने कधी पर्वा केली नाही, आणि वाचकांना तेच आपले वाटे. आपण कोणत्याही संघटित पक्षाचे सभासद नाही, आपण डेमोक्रॅट आहोत, हा त्याचा टोला तर त्या पक्षातलेच लोक आजही एकमेकांना ऐकवतात.

जानेवारी १९२८ मध्ये नभोवाणीवर त्याने अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांची हुबेहूब नक्कल केली. देश एकंदरीत सुखात आहे, म्हणजे सगळा देश सुखात आहे असे नव्हे, अशा थाटाचे ते भाषण काही श्रोत्यांना खरोखरच अध्यक्षांचे वाटले. रॉजर्सने माफीचे पत्र पाठवले. कूलिज यांनी स्वहस्ते उत्तर लिहून विषय मिटवला. त्याच वर्षी 'लाइफ' या विनोदी साप्ताहिकाने त्याला थापेबाजीविरोधी पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार केले. निवडून आलो तर राजीनामा देईन, हे त्याचे एकमेव आश्वासन होते. चार वर्षांनी थट्टेची सीमा थोडी ओलांडली गेली : १९३२ च्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमाची २२ मते खरोखरच त्याच्या नावावर पडली.

मंदीच्या काळात त्याच्या बोलण्याची धार वाढली. ऑक्टोबर १९३१ मध्ये बेकारांच्या मदतीसाठी अध्यक्ष हूव्हर यांच्याबरोबर त्याचेही भाषण प्रसारित झाले. कोठारे धान्याने भरलेली असताना माणसे उपाशी आहेत, आणि मोटारीत बसून गरीबखान्याकडे निघालेले जगातले पहिले राष्ट्र आपलेच, अशा आशयाचे तो बोलला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला आर्कान्सा, ओक्लाहोमा आणि टेक्सास या दुष्काळग्रस्त राज्यांत रेडक्रॉससाठी कार्यक्रम करत तो स्वखर्चाने हिंडला होता.

आपल्याला न आवडलेला माणूस अजून भेटलेला नाही, हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध वचन १९२६ मधले आणि ट्रॉट्स्कीच्या संदर्भातले आहे. त्याची भेट झाली असती तर तोही आवडला असता, असे रॉजर्सचे म्हणणे. ही सर्वस्नेही वृत्ती त्याचे बळ होती आणि मर्यादाही. ज्यांची थट्टा केली त्यांच्याच घरी तो जेवायला जाई. त्याच्या विनोदाने ओरखडा उठे, जखम होत नसे. आणि सर्वांचा लाडका म्हणवणाऱ्या या माणसाने जानेवारी १९३४ मध्ये नभोवाणीवर एका गीताविषयी बोलताना कृष्णवर्णीयांसाठी अपमानास्पद शब्द वापरला, तेव्हा निषेधाचा वर्षाव झाला. ज्याच्या घराण्याची जमीन वंशाच्या नावाखाली वाटली गेली आणि ज्याला दोर हाती धरायला एका कृष्णवर्णीय गुराख्याने शिकवले, त्याच्याकडून हे घडावे, ही गोष्ट त्याच्या चरित्रात खटकत राहते.

चित्रपटांत तो १९१८ पासून होता. मूकपटांत मात्र त्याचे मुख्य हत्यार, म्हणजे बोलणे, निकामी ठरे. बोलपट आल्यावर चित्र पालटले. 'स्टेट फेअर' आणि जॉन फोर्ड दिग्दर्शित 'जज प्रीस्ट' असे चित्रपट गाजले आणि १९३४ मध्ये चित्रगृहचालकांच्या मतदानात तो सर्वाधिक गल्ला जमवणारा नट ठरला.

विमानप्रवासाचे त्याला वेड होते. ऑगस्ट १९३५ मध्ये, एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक वायली पोस्ट याच्याबरोबर तो अलास्काला निघाला. विमान वेगवेगळ्या विमानांचे भाग जोडून बनवलेले होते, पुढे जड होते. १५ ऑगस्ट रोजी ढगाळ हवेत वाट चुकल्याने ते पॉइंट बॅरोजवळच्या एका खाजणात उतरले. तेथील इनुपियाट शिकाऱ्यांकडून रस्ता विचारून घेऊन पुन्हा उड्डाण केले, तोच इंजिन बंद पडून विमान कोसळले. दोघेही जागीच ठार झाले. क्लेअर ओकपीहा हा शिकारी सुमारे पंधरा मैल धावत बॅरोला गेला आणि त्याने बातमी पोहोचवली. अपघातातून रॉजर्सचे टंकलेखन यंत्र सापडले. मृत्यूनंतर त्याचे दोन चित्रपट प्रदर्शित झाले.

१९३८ मध्ये ओक्लाहोमातील क्लेअरमोर येथे त्याचे स्मारक उभे राहिले. १९४४ मध्ये त्याचे अवशेष कॅलिफोर्नियातून तेथे हलवण्यात आले. जो डेव्हिडसन यांनी घडवलेला त्याचा पुतळा १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये बसवला गेला. तो प्रतिनिधीगृहाच्या दाराकडे तोंड करून उभा आहे. लॉस एंजेलिसजवळचे पॅसिफिक पॅलिसेड्स येथील त्याचे निवासस्थान १९४४ पासून राज्य सरकारच्या ऐतिहासिक उद्यानाचा भाग होते. जानेवारी २०२५ च्या वणव्यात ते घर आणि घोड्यांचे तबेले जळून गेले. आतल्या काही वस्तू तेवढ्या आधी बाहेर काढता आल्या.