आढ्याला अडकवलेला कामठा

आमच्या पेठच्या डोंगरात धनुष्य कोणी म्हणत नाही, तीरकामठा म्हणतात. आज्याचा कामठा पिकल्या बांबूचा होता, दोरीसुद्धा बांबूच्याच सालीची. बाणाचं पातं लोहाराकडून घडवून आणलेलं. शहरातले वाचक हसतील, पण 1878 च्या इंग्रजांच्या हत्यार कायद्यात तलवार-भाल्यांच्या पंगतीला हा तीरकामठाही बसवलाय. त्याआधी वीसेक वर्षांपूर्वी, 1857 च्या बंडात, पेठचा राजा भगवंतराव फासावर गेला होता. सरकारच्या मनात ती आठवण असणारच, असं आपलं माझं मत.

आम्हाला मात्र कामठा लागायचा तो नागली राखायला. कणसं भरली की डुकरं उतरायची. एका रातीत वावर नांगरल्यासारखं करून ठेवायची. माळ्यावर बसून गोफण फिरवा, डबे बडवा, दोन दिवस दबायची, परत यायची. मग गाव हाका घालायचा.

आजा वारा तोंडावर घेऊन उभा राहायचा. "डुकराची नजर अधू, नाक पक्कं," म्हणायचा. खांद्यावर बाण मारायचा नाही, तिथली कातडी ढालीसारखी. जनावर आडवं झालं की पुढच्या पायामागं, बगलेत. आणि बाण लागल्यावर लगेच मागं धावायचं नाही. जखमी डुक्कर उलटतं.

1970 च्या आसपास मी दहा वर्षांचा असेन. हाक्यात ओढ्याची बाजू माझ्याकडं होती. काम एकच, डबा वाजवत राहायचं. कारवीत खसखस झाली आणि मी डबा टाकून सादड्यावर चढलो. त्या मोकळ्या बाजूनं सुळेवाला एकुलगा सुटला तो थेट चुलत्याच्या अंगावर. मांडी फाटली. घोंगडीची झोळी करून चौघांनी त्याला पेठला नेलं. काका वाचला, पण पुढं जन्मभर लंगडला. डबा का थांबला, हे मला कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

1972 साली वन्यजीवांचा कायदा आला. 1991 च्या दुरुस्तीनं परवाना काढून शिकार करायची वाटही बंद झाली. आता पीक खाणारं डुक्कर मारायचं म्हटलं तरी वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. नुकसानीचा अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट बघायची. जंगल तुटलं, जनावरं कमी झाली, तेव्हा कायदा खोटा म्हणणार नाही मी. पण रात्री मका मोडल्याचा आवाज येतो तेव्हा अंथरुणात पडून राहवत नाही.

काका जायच्या आदल्या वर्षी त्याच्या ओट्यावर बसलो होतो. न राहवून म्हणालो, "काका, तवा डबा म्याच टाकला व्हता."

तो तंबाखू मळत राहिला. म्हणाला, "मला दिसला व्हतास तू झाडावर. बरं वाटलं, पोरगं वर हाय म्हून."

कामठा अजून आढ्याला आहे. दोरी केव्हाच उंदरांनी नेली.