एकल मातांचे शिक्षण व निवासव्यवस्था (महाराष्ट्र)

वैधव्य, घटस्फोट, परित्याग किंवा अविवाहित मातृत्व ह्यांमुळे अपत्यसंगोपनाचा भार एकटीवर पडलेल्या स्त्रीला शिक्षण घेता यावे, म्हणून केलेली निवासाची, अध्यापनाची व बालसंगोपनाची सोय. एकल पालक पुरुषही असू शकतो. तथापि महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम विधवेच्या संदर्भात उपस्थित झाला आणि त्यासाठी उभ्या राहिलेल्या संस्थाही स्त्रियांच्याच होत्या. अशा सोयीची तीन अंगे संभवतात : निवारा, विद्या आणि मुलाची देखभाल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पहिली दोन अंगे संस्थांनी हाती घेतली. तिसरे मात्र बहुधा नातलगांवरच सोपविले गेले. ह्या विषयाचा इतिहास बव्हंशी ह्या तिसऱ्या अंगाच्या उणिवेचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास मान्यता दिली, परंतु पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा मृत पतीच्या मालमत्तेवरील हक्क त्याच कायद्याने संपुष्टात येई आणि तिच्या मुलांसाठी दुसरा पालक नेमावा, असा अर्ज पतीच्या नातलगांना न्यायालयात करता येई. पुनर्विवाह न करणारी विधवा सासरी अथवा माहेरी परावलंबी राही. म्हणजे स्वतःचे घर आणि स्वतःचे मूल ह्या दोहोंवरील तिचा अधिकार डळमळीत होता. जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे आलेल्या काशीबाई ह्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत ह्यास फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. ह्या गृहाने माता व अर्भक ह्यांच्या जिवाचे रक्षण केले. मातेच्या शिक्षणाचा विचार संस्थारूपाने पुढे आला, तो मात्र अडीच दशकांनंतर.

पंडिता रमाबाई : ह्या प्रश्नाची तिन्ही अंगे स्वतःच्या आयुष्यात अनुभवलेली पहिली प्रसिद्ध महाराष्ट्रीय स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). त्यांची कन्या मनोरमा १८८१ मध्ये जन्मली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पती बिपिन बिहारी मेधावी मरण पावले. स्त्रीधर्मनीति (१८८२) ह्या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्च उभा करून १८८३ मध्ये त्या दोन वर्षांच्या मुलीसह इंग्लंडला गेल्या. वैद्यकाचे शिक्षण घेण्याचा त्यांचा मानस श्रवणदोषामुळे सफल झाला नाही. १८८४ ते १८८६ ह्या काळात चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः अन्य विषयांचे अध्ययन करीत. मनोरमा ह्या काळात बहुतांशी वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिली. मुलीच्या देखभालीची चिंता अशा रीतीने मिटली; परंतु तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे, ह्यावरून आई आणि मठातील भगिनी ह्यांच्यात तीव्र मतभेद झाले. ते त्यांच्या पत्रव्यवहारात नमूद आहेत. आश्रय देणारी संस्था मुलाच्या जडणघडणीवर हक्क सांगू लागते आणि आश्रित मातेला तो नाकारणे कठीण जाते, हा पुढेही वारंवार आलेला अनुभव येथे प्रथम स्पष्ट दिसतो.

अमेरिकेतील वास्तव्यात रमाबाईंनी द हाय-कास्ट हिंदू वूमन (१८८७) हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने त्यांच्या नियोजित विधवागृहाला दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे ठरविले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व १८९० मध्ये ते पुण्यास हलविण्यात आले. निवास, भोजन व अध्ययन ह्यांची सोय तेथे एकाच छत्राखाली होती आणि प्रत्येकीस आपापल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. रमाबाईंनी अमेरिकेत अभ्यासिलेल्या बालोद्यान पद्धतीचाही तेथे अवलंब झाला. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादामुळे न्या. म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संस्थेशी संबंध तोडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ज्या विधवांसाठी सदन होते त्यांचा निर्णय त्यांच्या पालकांनी घेतला, ही गोष्ट लक्षणीय आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी निराश्रित स्त्रिया व मुले ह्यांना मोठ्या संख्येने आश्रय दिला, त्यातून केडगाव (जि. पुणे) येथील मुक्तिसदन उभे राहिले. निराधार माता व बालके ह्यांना तेथे एकाच परिसरात स्थान मिळाले.

हिंगणे : शारदा सदनातील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी ह्या बालविधवेशी धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. पुनर्विवाहापेक्षा विद्या हे अधिक व्यापक साधन आहे, ह्या निष्कर्षाप्रत येऊन कर्वे ह्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली. गणेश गोविंद गोखले ह्यांनी दिलेल्या सहा एकर जमिनीवर हिंगणे येथे आश्रम १९०० मध्ये स्थिरावला. गावापासून दूर असलेल्या ह्या जागेमुळे विधवांना लोकनिंदेपासून काहीसा आडोसा मिळाला.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले ह्यांची हकीकत विषयाच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. विसाव्या वर्षाच्या सुमारास वैधव्य आलेल्या पार्वतीबाईंना एक मुलगा होता. त्याच्या शिक्षणाच्या निमित्ताने त्या पुण्यास बहिणीकडे आल्या आणि कर्वे ह्यांच्या आग्रहाने स्वतःही शिकू लागल्या. पुढे त्यांनी आश्रमासाठी गावोगाव हिंडून निधी जमविला व १९१८ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. माझी कहाणी (१९२८) हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. त्यांचे शिक्षण शक्य झाले ते आश्रमामुळे. पण मुलाची सोय झाली ती बहिणीच्या घरामुळे. जिला अशी बहीण नव्हती, तिच्यापुढे शिक्षण किंवा मूल असा पर्याय उभा राही.

कर्वे ह्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापून ह्या कार्याला उच्च शिक्षणाची जोड दिली. विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी १९२० मध्ये पंधरा लक्ष रुपयांची देणगी दिल्यावर विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी ह्यांचे नाव देण्यात आले. मातृभाषेतून शिक्षण देण्याच्या धोरणामुळे शिक्षणात खंड पडलेल्या प्रौढ स्त्रियांना पदवीचा मार्ग सुकर झाला.

व्यावसायिक प्रशिक्षण : रमाबाई रानडे ह्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयातील परिचारिका-प्रशिक्षणासाठी विधवांना तयार केले व त्यांच्यासाठी वसतिगृह चालविले. नागपूर येथे कमलाबाई होस्पेट ह्या बालविधवेने परिचारिकेचे शिक्षण घेऊन १९२१ मध्ये मातृसेवा संघ स्थापिला. अध्यापन व परिचर्या ह्या व्यवसायांकडे एकट्या स्त्रियांचा ओढा दिसतो, ह्याचे एक कारण प्रशिक्षणाबरोबर मिळणारा निवास हे होय.

स्वातंत्र्योत्तर काळ : मुंबई राज्यातील १९४७ चा घटस्फोटाचा कायदा व १९५५ चा हिंदू विवाह कायदा ह्यांनंतर एकल मातांमध्ये घटस्फोटितांचीही गणना होऊ लागली. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने विधवेला वारसाहक्काच्या मालमत्तेवर पूर्ण स्वामित्व दिले. केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले; हे मंडळ २०२२ मध्ये बंद झाले. १९७२-७३ पासून नोकरी करणाऱ्या स्त्रियांच्या वसतिगृहांना केंद्राचे अनुदान मिळू लागले आणि त्यांत पाळणाघराचाही समावेश झाला. ह्या योजनेचा मुख्य रोख मात्र कमावत्या स्त्रीवर होता, विद्यार्थिनीवर नव्हता. नासिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे (१९८९) घर न सोडता पदवी मिळविणे शक्य झाले; ज्यांना घरच नाही त्यांचा प्रश्न तसाच राहिला.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांद्वारे संशोधक विद्यार्थिनींना २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून ठराविक प्रवर्गांतील, वार्षिक ८ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. मात्र महाविद्यालयीन वसतिगृहाची आखणी साधारणतः एकट्या विद्यार्थिनीलाच धरून केलेली असते. अमेरिकेत डेन्व्हर येथे १९७४ मध्ये सुरू झालेल्या वॉरन व्हिलेज ह्या वसाहतीत एकल पालक व मुले ह्यांच्यासाठी सदनिका, बालसंगोपन केंद्र व शैक्षणिक मार्गदर्शन एकत्र आढळते. महाराष्ट्राला ह्या कल्पनेची अंगे नवी नाहीत; शारदा सदन, केडगाव व हिंगणे येथे ती एकेक करून सिद्ध झाली आहेत. ती एकत्र आणून, मुलावरील आईचा अधिकार अबाधित ठेवून, त्यांना महाविद्यालयीन शिक्षणाशी जोडणे हे कार्य शिल्लक आहे.