मुख्य प्रधानाचें दफ्तर

मराठ्यांच्या इतिहासाचें नांव निघालें कीं आमच्या मनासमोर प्रथम घोडा येतो, मग तरवार येते, मग किल्ला येतो. बोरू आणि दौत हीं फारशीं येत नाहींत. पालखेड, पानिपत, खर्डा हीं नांवें शाळेंतल्या मुलासहि पाठ असतात. परंतु ह्या मोहिमांस लागलेला पैसा कोणत्या परगण्यांतून, कोणाच्या हातून व कोणत्या हिशेबानें आला, हें विचारणारा वाचक विरळा. राज्य करणें हें वीराचें काम आणि हिशेब ठेवणें हें कारकुनाचें काम, अशी आमची एक भोळी समजूत आहे. ती किती अपुरी आहे हें पाहावयाचें असेल तर पुण्याच्या हुजूर दफ्तराकडे वळावें. हें दफ्तर राजाचें नव्हतें, प्रधानाचें होतें. एका प्रधानाची कचेरी वाढत वाढत राज्याच्या जागीं कशी बसते, व ती कचेरी ढासळली म्हणजे राज्यहि कसें ढासळतें, ह्याचा वृत्तान्त त्या दफ्तराच्या चरित्रांत सांठविलेला आहे.

हा प्रकार केवळ आमच्याकडे घडला असें नाहीं. इंग्लंडांत १९१६ पर्यंत मंत्रिमंडळाच्या बैठकीचें टिपण ठेवण्याची रीतच नव्हती. मुख्य प्रधानानें राजास पत्र लिहून काय ठरलें तें कळवावें, तेवढाच काय तो लेख. महायुद्धाच्या धकाधकींत त्या वर्षाच्या डिसेंबरांत लॉइड जॉर्ज मुख्य प्रधान झाला, तेव्हां हँकीच्या हाताखालीं मंत्रिमंडळाचा चिटणीसवर्ग अस्तित्वांत आला; आणि लवकरच प्रधानाच्या निवासस्थानामागील बागेंत त्याच्या खास सल्लागारांच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. आमच्या देशांत १९४७ सालीं प्रधानमंत्र्यांचें सचिवालय निघालें. १९६४ नंतर लालबहादुर शास्त्र्यांच्या कारकीर्दींत त्याचें वजन वाढलें, आणि १९७७ सालीं मोरारजी देसायांच्या वेळीं त्यास 'प्रधानमंत्री कार्यालय' हें साधें नांव मिळालें. नांव साधें झालें म्हणून पुढें कचेरी लहान राहिली नाहीं. कागद जेथें गोळा होतात तेथें सत्ताहि हळूहळू गोळा होते, हा नियम दिसतो. पुण्यानें तो दोनशें वर्षांपूर्वींच अनुभवला होता.

शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकसमयीं, म्हणजे १६७४ त, अष्टप्रधानांची जी योजना सिद्ध झाली तींत मुख्य प्रधान पहिला असला तरी एकटा नव्हता. जमाखर्च अमात्याकडे होता, पत्रें तपासून शुद्ध करण्याचें काम सचिवाकडे होतें. म्हणजे लेखणी वांटलेली होती, आणि तिचा धनी राजा होता. १७१३ सालीं शाहूमहाराजांनीं बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें दिलीं, तेव्हांहि कागदोपत्रीं स्थिति बदलली नाहीं. बदल झाला तो १७१९ त, दिल्लीहून चौथाईच्या व सरदेशमुखीच्या सनदा आल्यावर. चौथाईचा चौथा हिस्सा राजाची बाबती. शेंकडा सहा पंतसचिवांचा साहोत्रा. शेंकडा तीन नाडगौडा, तो राजाच्या मर्जीप्रमाणें द्यावयाचा. उरलेला मोकासा सरदारांचा. त्यांतहि एकाच सरदाराचे हक्क अनेक परगण्यांत विखुरलेले. हा हिशेब एकाद्या घोडेस्वारास समजणें कठीण होतें. ग्रँट डफला ह्या गुंतागुंतींत कारकुनांनीं सत्ता आपल्याकडे ओढण्याचा डाव दिसला. डाव होता कीं अडचणींतून काढलेली वाट होती, ह्याविषयीं मतभेद होईल. परंतु परिणाम एकच झाला. ज्याच्या जवळ हा हिशेब उलगडण्याचें साधन, त्याच्या दारीं सर्वांस यावें लागलें.

१७४९ च्या डिसेंबरांत शाहूमहाराज निवर्तले. पुढच्याच वर्षीं सांगोल्यास झालेल्या ठरावानें राज्यकारभार पेशव्याच्या हातीं आला आणि साताऱ्याचें राजकारण पुण्यास उतरलें. तथापि ह्या पालटांत एक गोष्ट चमत्कारिक आहे. पेशवे प्रत्यक्षांत धनी झाले तरी त्यांच्या शिक्क्यांत शेवटपर्यंत प्रथम छत्रपतींचें नांव आणि मागाहून 'मुख्य प्रधान' हें बिरुद राहिलें. प्रत्येक नव्या पेशव्यास वस्त्रें साताऱ्याहून यावीं लागत. राजाचें सिंहासन साताऱ्यास, राजाचें नांव शिक्क्यांत, आणि राज्य मात्र पुण्याच्या फडांत, अशी ही व्यवस्था होती. ती केवळ तरवारीच्या धाकानें टिकली असें म्हणणाऱ्यानें एवढेंच पाहावें कीं तरवारी होळकर-शिंद्यांच्याहि कमरेस होत्या.

आतां त्या फडांत डोकावूं. हुजूर दफ्तराचे मुख्य भाग दोन: चालतें दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालतें दफ्तर फडणिसाच्या देखरेखीखालीं असे. फर्द म्हणजे कागदाचा ताव आणि नवीस म्हणजे लिहिणारा. फर्दनविसाचा फडणीस झाला. रोजच्या रोज जे हुकूम सुटत, ज्या रकमा येत, जें देणें दिलें जाई, तें सर्व रोजकीर्दींत चढे. एकबेरीज दफ्तर पुण्यांतच राही. त्याचें काम असें कीं ठिकठिकाणचे हिशेब एकत्र करून, विषयवार लावून, त्यांचे तर्जुमे म्हणजे गोषवारे तयार करावयाचे. त्यामुळें अमुक परगण्याची जमा दहा वर्षांपूर्वीं काय होती व आज काय आहे, हें मागितल्याबरोबर पुढें ठेवतां येई. चांगल्या दिवसांत ह्या कचेरींत दोनशेंच्या आसपास कारकून बसत. सरकारांतून निघणारें पत्र दफ्तरांत नोंदल्यावर त्यावर 'बार' ची खूण होई, आणि मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब उमटे, म्हणजे खालीं कोणी नवी ओळ घुसडूं नये.

ही सावधगिरी निष्कारण नव्हती. १७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या हुकुमांतील 'धरावें' ह्या शब्दाचें 'मारावें' करण्यांत आलें अशी आख्यायिका महाराष्ट्रांत घरोघर सांगतात. ती खरी असो वा नसो. एका अक्षरानें मनुष्याचा प्राण जाऊं शकतो, हें त्या काळच्या लोकांस पटत होतें, एवढें तिच्यावरून सिद्ध होतें.

परंतु ह्या पद्धतीचा खरा कणा पुण्यांत नव्हता, परगण्यांत होता. मामलेदाराबरोबर हुजुरांतून दरकदार नेमलेले असत: दिवाण, मुजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद, चिटणीस. कागदावर तारीख फडणिसानें घालावयाची, त्याच्या टिपणावरून खातें दफ्तरदारानें लिहावयाचें व गोषवारा हुजूर पाठवावयाचा, रोकड पोतनिसानें नोंदावयाची, नाणें पोतदारानें पारखावयाचें. मामलेदार वरिष्ठ खरा. पण ह्यांपैकीं एकासहि काढण्याचा अधिकार त्यास नव्हता. शिवाय वर्षारंभीं त्या परगण्याच्या जमाखर्चाचा अंदाज त्याच्याशीं ठरवून घेतला जाई. म्हणजे मामलेदारानें चोरी करावयाची म्हटल्यास ती सात-आठ लेखण्यांच्या संमतीनें करावी लागे. चोऱ्या होत नसत असें आमचें म्हणणें नाहीं. माणसें तेव्हांहि माणसेंच होतीं. परंतु ती चोरी कोठें तरी कागदावर उमटे आणि आज ना उद्यां उघडकीस येण्याचा संभव राही, हाच त्या व्यवस्थेचा गुण.

ह्या दफ्तराची कसोटी लागली ती १७७४ त. नारायणरावांच्या मागें त्यांच्या पत्नीस पुरंदरावर पुत्र झाला आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें देण्यांत आलीं. जगाच्या इतिहासांत बालराजे पुष्कळ झाले. पाळण्यांतला मुख्य प्रधान मात्र आमच्याच इतिहासांत सांपडावयाचा! विनोद बाजूस ठेवून विचार केला तर त्यांतील अर्थ गंभीर आहे. राजाचें नुसतें अस्तित्व पुरतें. प्रधानास काम करावें लागतें. पाळण्यांतल्या प्रधानाच्या नांवानें हुकूम सुटत होते, वसूल येत होता, इंग्रजांशीं युद्ध चाललें होतें व १७८२ त सालबाईचा तह झाला. प्रधानाचें काम व्यक्तीकडून कचेरीकडे गेलें होतें, ह्याहून अधिक पुरावा कोणता हवा?

ही कचेरी ज्यानें चालविली तो बाळाजी जनार्दन भानु, म्हणजेच नाना फडणीस. पानिपताहून जीव वांचवून आलेला हा पुरुष रणांगणासाठीं जन्मला नव्हता. पण दफ्तर हें त्याचें शस्त्र होतें, आणि त्याच्या काळीं तें अत्यंत नीट होतें. तरीहि नानाच्या ह्या गुणांतच एक दोष दडलेला आम्हांस दिसतो. दरबारोदरबारच्या वकिलांचीं पत्रें, राजकारणाचें अत्यंत नाजूक लिखाण, हें त्याच्या काळीं सरकारी दफ्तराऐवजीं बव्हंशीं नानाजवळच राहिलें, आणि पुढें वांईजवळ मेणवलीस त्याच्या वाड्यांत सांपडलें. महसुलाचा कागद सरकारचा; राजकारणाचा कागद मात्र कारभाऱ्याचा! नाना जिवंत होता तोंवर ह्या भेदानें कांहीं बिघडलें नाहीं, कारण दोन्ही दफ्तरें एकाच डोक्यांत एकत्र येत होतीं. १८०० च्या मार्चांत तें डोकें शांत झालें. जें संस्थेजवळ ठेवावयाचें तें व्यक्तीजवळ ठेवलें म्हणजे व्यक्तीबरोबर तें जातें. नानाच्या निष्ठेविषयीं शंका न घेतांहि हा ठपका त्याजवर ठेवावा लागतो.

दुसऱ्या बाजीरावाची गोष्ट निराळी. त्यास दफ्तराची अडचणच वाटली असली पाहिजे. त्याच्या राज्यांत परगणे मक्त्यानें देण्याची चाल पडली: जो अधिक रक्कम कबूल करील त्यास मामलत. एकदां मक्ता ठरला कीं अंदाज कशाला, दरकदारांचे कागद कशाला, दहा वर्षांपूर्वींची जमा पाहावयाची कशाला? मक्तेदार रयतेकडून काय काढतो हें सरकारनें विचारावयाचें नाहीं, हीच मक्त्याची अट. त्यामुळें दफ्तर एका दिवसांत कोणी मोडलें नाहीं. त्याची गरजच उरली नाहीं. कामांत ढिलाई आली, माणसें वाटेल तशीं आंत-बाहेर करूं लागलीं, कागद गहाळ झाले. १८१७ च्या नोव्हेंबरांत खडकीची लढाई झाली व शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें. त्या पराभवाचीं कारणें सांगतांना तोफा, कवायत आणि फितुरी ह्यांची गणना आम्ही करतों. त्या यादींत ही एक बाब घालावयाची राहून जाते कीं तोंवर मुख्य प्रधानास आपल्या राज्यांत काय चाललें आहे हें कळण्याचें साधनच बोथट झालें होतें.

नव्या धन्यानें मात्र त्या कागदांची किंमत ओळखली. एल्फिन्स्टनानें जिंकलेल्या मुलुखासंबंधीं जो वृत्तान्त १८१९ त लिहिला तो जुन्या व्यवस्थेच्या माहितीवरच उभारलेला आहे. पुढें इनामांची चौकशी निघाली, १८५२ त तिच्यासाठीं कायदा झाला, आणि ज्या रुमालांत पेशव्यांनीं इनामें नोंदविलीं होतीं तेच रुमाल सोडून इनामदारांस जाब विचारण्यांत आला. कित्येक घराण्यांचीं गांवें त्या चौकशींत गेलीं. मराठ्यांच्या हातचा लेख मराठ्यांविरुद्ध साक्षीस उभा राहिला! १८९१ पासून हें दफ्तर पुण्यांत दगडी इमारतींत सुरक्षित आहे; परंतु बाहेरच्या संशोधकास तें दार कित्येक वर्षें सहसा उघडत नसे. न्यायमूर्ति रानड्यांनीं पेशव्यांच्या रोजनिश्यांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें, वाडांनीं काढलेले त्यांतील उतारे नऊ भागांत छापले गेले, आणि १९३० ते १९३४ ह्या अवधींत सरदेसायांनीं पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले, तेव्हां कोठें मराठ्यांचें राज्य म्हणजे नुसती लुटारूंची धांवाधांव नव्हे, हें परक्यांस आणि आमच्यांतील पुष्कळांसहि पटलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. दफ्तर म्हणजे राज्य नव्हे. वेठीस धरलेल्या मनुष्याचे कष्ट रोजकीर्दींत जमेच्या बाजूस दिसत नाहींत. जी लेखणी वसूल नोंदते तीच जातिभेदाच्या आज्ञाहि नोंदते, व त्या आज्ञा ह्याच दफ्तरांत आहेत. कागद चोख असला म्हणून कारभार न्यायाचा होतो असें नाहीं; हें सर्व मान्य. परंतु अन्याय कागदावर आहे म्हणूनच आज त्याबद्दल जाब विचारतां येतो. ज्या अन्यायाचा कागदच नाहीं त्याची फिर्याद कोणापुढें लावावी? मक्त्याच्या काळांत रयतेनें काय सोसलें ह्याचा हिशेब म्हणूनच अर्धामुर्धा राहिला आहे.

तात्पर्य, मुख्य प्रधानाच्या कचेरीची परीक्षा ती दिवसाकांठीं किती हुकूम सोडते ह्यावर करूं नये. सोडलेल्या हुकुमाची नोंद ती ठेवते कीं नाहीं, आणि ती नोंद खुद्द धन्यापुढें ठेवण्याची तिची छाती आहे कीं नाहीं, ह्यावर करावी. पुण्याच्या दफ्तरास ही छाती होती तोंवर पाळण्यांतल्या प्रधानाचेंहि राज्य चाललें. ती गेली तेव्हां ऐन तारुण्यांतल्या प्रधानासहि तें सांवरतां आलें नाहीं.